निवृत्तीनंतर वंशावळीचा व्यवसाय

निवृत्तीनंतर लोकांच्या वंशावळी शोधून देण्याचा बेत असेल, तर तयारी नोकरीत असतानाच हवी. पहिला अडसर जुन्या कागदांतल्या मोडी लिपीचा. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग शक्यतो बोरू न उचलता लिहीत जायचे, असे हे अक्षर. डोळा सरावायला वेळ लागतो. पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेते.

मग कागद: कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जुने फेरफार, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. वहीत बाप-आजा सापडतो. बायकांची नावे मात्र अनेकदा गळलेली.

२०२३मध्ये जुन्या दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला नि मोडीवाचकांना भाव आला. तरी या कमाईवर घर चालवायचा हिशेब मांडू नये.

सुरुवात आपल्याच घराण्यापासून करावी आणि प्रत्येक नावापुढे दप्तर, पान नोंदवावे.