औद्योगिक सुरक्षा : कायद्याचे पालन आणि प्रत्यक्ष व्यवस्थापन

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये यंत्रांना कुंपण घालणे, विषारी वायूंपासून संरक्षण देणे इत्यादी तरतुदी प्रारंभापासून होत्या. तथापि तरतूद असणे आणि ती कामाच्या जागी अमलात असणे यांत किती अंतर पडू शकते, हे २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथे जगासमोर आले. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात संरक्षक साधने नव्हती असे नाही. मिथाइल आयसोसायनेटची टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा होती. ती काही महिने बंद होती. निसटलेला वायू जाळणारा मनोरा होता. त्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. १९८२ मध्येच कंपनीच्या अमेरिकेतील पथकाने पाहणी करून उणिवांची नोंद केली होती. अहवाल लिहिला गेला, परंतु त्यावरील कार्यवाही अपुरी राहिली.

या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये अधिनियमात मूलगामी सुधारणा झाली. कामगारांच्या सुरक्षिततेची सर्वसाधारण जबाबदारी भोगवटादारावर आली. धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना व परिसरातील रहिवाशांना देणे, तसेच व्यवस्थापन व कामगार यांचे समान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती नेमणे बंधनकारक झाले. १९४८ च्या अधिनियमाची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. पूर्वी सुरक्षा अधिकारी नेमण्याची सर्वसाधारण मर्यादा एक हजार कामगारांची होती. संहितेत ती ५०० आणि धोकादायक प्रक्रियेसाठी २५० आहे. ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी कामगारसंख्या हा धोक्याचा पुरेसा मापदंड नव्हे. चाळीस कामगारांच्या रासायनिक घटकातही मोठ्या वस्तीला पुरेल इतका ज्वलनशील साठा असू शकतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील मे २०१६ व मे २०२४ मधील स्फोटांची झळ कारखान्याच्या भिंतीबाहेरही पोहोचली होती.

नियमपालन आणि व्यवस्थापन यांतील भेद टाकीच्या सफाईसारख्या नेहमीच्या कामात अधिक स्पष्ट दिसतो. बंदिस्त टाकीत माणूस उतरविण्यापूर्वी कार्यपरवाना, म्हणजेच वर्क परमिट, भरावा लागतो. टाकीला जोडलेल्या नळ्या तोडून बंद केल्या काय, ढवळणीच्या विजेच्या बटणाला कुलूप लावले काय, आतील हवेत प्राणवायू किती, बाहेर पहारा कोणाचा, असे त्यातील प्रश्न असतात. साध्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांखाली असेल तर प्रवेश धोक्याचा मानला जातो. हा परवाना टाकीच्या तोंडाशी उभे राहून, मापक हातात घेऊन भरला तर तो संरक्षण ठरतो. तोच सकाळी कार्यालयात दहा प्रतींवर एकत्र सह्या करून वाटला तर उरतो केवळ कागद. तपासणीच्या वेळी मात्र दोन्ही सारखेच दिसतात. त्यातच आत उतरणारा बहुधा कंत्राटी कामगार असतो आणि परवाना त्याला न समजणाऱ्या भाषेत असतो. आत कोसळलेल्या सहकाऱ्याला वाचविण्यासाठी धावणाराही त्याच वायूला बळी पडतो, हा अशा अपघातांचा नेहमीचा क्रम आहे. म्हणून पहारेकऱ्याने स्वतः आत न जाता दोरीने ओढून काढण्याची तालीम आधीच झालेली असणे आवश्यक ठरते.

अपघातांच्या नोंदींबाबतही हेच दिसते. ४८ तास वा अधिक काळ कामावर येता येणार नाही अशी इजा झाली तर शासनाला सूचना देणे भाग असते. परंतु पाना वरून पडून डोक्याशेजारून गेला, इजा झाली नाही, अशा प्रसंगांची दखल क्वचितच घेतली जाते. अनेक कारखान्यांच्या प्रवेशद्वारी ‘अपघातरहित दिवस’ मोजणारा फलक झळकतो, ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनी घोषवाक्यांची स्पर्धाही होते. फलकावरील आकडा पुन्हा शून्यावर येईल या भीतीने पर्यवेक्षक किरकोळ इजा लपवितो आणि पट्टी बांधलेला कामगार दुसऱ्या दिवशी हलक्या कामावर हजर दाखविला जातो. सुरक्षा समितीच्या बैठकीत अशा घटना नावे न घेता मांडण्याची मुभा असेल, तर सैल झालेला पाना पुढच्या पाळीपूर्वी दोरीने बांधला जाण्याची शक्यता वाढते.