खोक्यातून सुटलेलं नेटवर्क

टेलिकॉम कंपनीत पूर्वापार एकेका कामाला एकेक खोकं असे. फायरवॉलचं वेगळं, कॉल जोडणारं वेगळं. आतलं हार्डवेअर नि सॉफ्टवेअर एकाच उत्पादकाचं, त्यामुळे नवी सेवा म्हणजे नवं खोकं मागवा, जागा शोधा, वीज पुरवा. ऑक्टोबर २०१२ मध्ये एटी अँड टी, बीटी, डॉइच टेलिकॉम वगैरे १३ कंपन्यांनी मिळून मांडलं की हीच कामं साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर म्हणून चालवावीत. हेच नेटवर्क फंक्शन्स व्हर्च्युअलायझेशन.

मेख अशी, की चालू नेटवर्क बंद न पाडता हे करायचं. ग्राहकाला कोण सांगणार, "दोन वर्षं थांबा"? म्हणून आधी कोअरमधली कामं हलवतात. रेडिओचा भाग सगळ्यात अवघड. एलटीईमध्ये मोबाईलने पाठवलेल्या डेटाची पोच ४ मिलिसेकंदांत द्यावी लागते, आणि साधा सर्व्हर तेवढ्यात दुसऱ्याच कामात अडकलेला असू शकतो! जपानच्या राकुतेन मोबाईलने एप्रिल २०२० मध्ये रेडिओसकट व्हर्च्युअल ४जी सेवा सुरू केली खरी, पण स्वतःचं जुनं ४जी नेटवर्क सांभाळायची कटकट त्यांना नव्हती.

जुनं सॉफ्टवेअर जसंच्या तसं सर्व्हरवर टाकलं तर खोकं गेलं, इतकंच. गर्दी वाढताच नवी प्रत आपोआप सुरू व्हायला हवी, त्यासाठी ऑर्केस्ट्रेशन लागतं. शिवाय कॉल तुटला की जबाबदार कोण? सर्व्हरवाला सॉफ्टवेअरवाल्याकडे बोट दाखवतो, तो परत याच्याकडे. पूर्वी एकाच उत्पादकाला फोन करून भांडता यायचं. आता दोष शोधायला कंपनीची स्वतःचीच लिनक्स जाणणारी माणसं लागतात.