आई बर्फी का खात नाही? गर्भलिंग निदानाचा कायदा, आईच्या गोष्टीतून

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आजचा भाग लिहून ठेवतेय. जसं बोलले तसंच आहे, थोडं आवरून.

माझी आई बर्फी खात नाही. पेढा चालतो, लाडू चालतो. बर्फी हातात आली की शेजारच्याला देते. मला वाटायचं, आवडत नसेल. गेल्या वर्षी ताईला दुसरी मुलगी झाली आणि भावजी दवाखान्यात बर्फीचा बॉक्स घेऊन आले. सगळे खूश, आणि आई उठून बाहेर गेली. त्या रात्री तिने पहिल्यांदा मला सगळं सांगितलं. तिला विचारूनच आज तुम्हाला सांगतेय.

आईची गोष्ट

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. ताईचा जन्म १९९४ चा. १९९७ ला आईला पुन्हा दिवस गेले. आजी तिला तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात घेऊन गेली. मशीनवर तपासणी झाली. डॉक्टर आईशी एक शब्द बोलले नाहीत. बाहेर आजीला फक्त म्हणाले, "बर्फी घ्या."

बर्फी म्हणजे मुलगी, पेढा म्हणजे मुलगा. तोंडाने काही सांगितलं असं म्हणायला नको, म्हणून हा शब्द. चार दिवसांनी आईला परत त्याच दवाखान्यात नेलं. "कागद पुढे केला, मी सही केली. मला कुणी विचारलंच नाही गं," आई म्हणाली. बाबा कुठे होते, विचारलं. "बाकावर. मान खाली घालून."

१९९९ ला पुन्हा दिवस गेले, पुन्हा गाडी दारात उभी. या वेळी आई माजघराला आतून कडी लावून बसली. आतूनच म्हणाली, "आत्या, मुलगी झाली तर मी तिला घेऊन माहेरी राहीन. पण त्या मशीनवर मी झोपायची नाही." दुसऱ्या दिवशी मामा येऊन तिला घेऊन गेला. बाळंतपण होईपर्यंत ती तिकडेच राहिली. झाली मुलगीच. ती मी.

आजीचा मला राग आला का? आला. पण आजीला बाबांच्या आधी चार मुली होत्या. चौथीनंतर घरात दुसऱ्या बायकोची बोलणी सुरू झाली होती. मुलगा झाला म्हणून ती घरात टिकली. म्हातारपणी सांभाळणार कोण, जमीन कुणाच्या नावावर जाणार, या सगळ्याचं उत्तर तिला एकच माहीत होतं. आणि गंमत बघा, मुलगा की मुलगी हे ठरतं पुरुषाच्या गुणसूत्रावरून. बोल मात्र बाईला.

"मलाच धरलं असतं"

मी आईला विचारलं, तेव्हा तक्रार का नाही केलीस? ती म्हणाली, "केली असती तर मलाच धरलं असतं. सही माझी होती ना."

सव्वीस-सत्तावीस वर्षं ती स्वतःला गुन्हेगार समजत होती. म्हणून मी कायदा उघडून बसले. जे सापडलं ते असं.

असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, १९८८ मध्ये. मग १९९४ ला केंद्राचा कायदा आला, तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. म्हणजे आईला नेलं तेव्हा कायदा होता.

गर्भाचं लिंग शब्दाने, खुणेने किंवा इतर कुठल्याही प्रकारे सांगणं गुन्हा आहे. "बर्फी घ्या" हेसुद्धा त्यात आलं. पहिल्या गुन्ह्याला डॉक्टरला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. तपासणीसाठी नेणाऱ्या नवऱ्याला, नातेवाइकांना ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड.

आणि बाईला? इथे नीट ऐका. बळजबरीने तपासणी करायला लावलेल्या बाईला ही शिक्षा नाही. कलम २४ सांगतं की, उलट सिद्ध होत नाही तोपर्यंत कोर्टाने असंच धरून चालायचं की तिच्यावर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी बळजबरी केली. म्हणजे सही तिची असली तरी सुरुवात तिच्या बाजूने होते.

अजून एक गोंधळ. आपण सरसकट "भ्रूणहत्या" म्हणतो, त्यामुळे गर्भपात हाच गुन्हा वाटतो. तसं नाही. ठरावीक अटींत गर्भपात १९७१ च्या कायद्यापासून कायदेशीर आहे. मुलगी आहे म्हणून तपासणं आणि मुलगी आहे म्हणून पाडायला लावणं, इथे भांडण आहे.

हे जुनं झालं का?

कुठल्याही ढवळाढवळीशिवाय हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. ० ते ६ वयोगटात महाराष्ट्रात २००१ ला ९१३ मुली होत्या. २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. शिक्षण वाढलं, मशिनी वाढल्या आणि मुली घटल्या.

त्याच २०११ ला आमच्या सातारा जिल्ह्यात "नकोशी", "नकुसा" अशी नावं असलेल्या २८० हून जास्त मुलींना नवी नावं मिळाली. ही नावं घरच्यांनीच ठेवलेली होती.

तुमच्या घरात असं घडत असेल तर

तक्रार समुचित प्राधिकाऱ्याकडे करायची. जिल्ह्यात साधारणपणे हे जिल्हा शल्य चिकित्सक असतात, महापालिकेत आरोग्य अधिकारी. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. १५ दिवसांची नोटीस देऊनही काही हललं नाही, तर तुम्ही स्वतः कोर्टात जाऊ शकता. घरात मारहाण, धमकी असेल तर १८१ किंवा ११२ लावा. आणि बहीण, वहिनी, मैत्रीण "तपासायला नेतायत" म्हणाली, तर आधी माझ्या मामासारखं तिला घेऊन या. कागदाचं नंतर बघू.

मी आईला कलम २४ वाचून दाखवलं. तिने मोबाईल हातात घेतला, चष्मा लावला, स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे मी गुन्हेगार नव्हते?"

नव्हतीस गं.

बर्फी ती अजूनही खात नाही. पण हा भाग तिने पूर्ण ऐकलाय, आणि म्हणाली, पाठव सगळ्यांना. तर पाठवा. विशेषतः ज्या घरात सध्या कुणीतरी गप्प बसलेलं आहे, तिथे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.