जुन्या विलायती फटफट्या आणि आजचा वेग

जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ती किती पळते? १९५० च्या सुमारास बर्मिंगहॅमला किंवा कॉव्हेंट्रीच्या आसपास बनलेली आणि मालकाने नीट जोपासलेली पाचशे-साडेसहाशे सीसीची फटफटी आज ताशी ७० मैलांचा, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटरचा वेग गाठील काय? पुष्कळदा गाठील. परंतु तेवढ्या उत्तराने आमचे समाधान होत नाही. त्या वेगाने ती किती वेळ जाईल आणि त्या वेगावरून किती अंतरात थांबेल, हे त्यापुढचे दोन प्रश्न. स्वाराच्या जिवाची गाठ आहे ती यांच्याशी.

ज्या रस्त्यांसाठी ही यंत्रे घडली, ते रस्ते प्रथम डोळ्यांपुढे आणावे लागतात. ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने मोटारींवरची सरसकट वेगमर्यादा उठली आणि १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आली. गावाबाहेर हवे तितके धावण्यास मुभा होती खरी. पण रस्ताच धावू देत नसे. वळण, चढ, एखादे खेडे, चौक, पुढे चाललेली मालगाडी. स्वाराचा हात सतत ॲक्सिलरेटर पिळी आणि सोडी, आणि दर सोडण्याबरोबर इंजिनाला दम खायला मिळे. प्रेस्टनजवळचा पहिला मोटारमार्ग डिसेंबर १९५८ मध्ये आणि एम-१ हा मार्ग नोव्हेंबर १९५९ मध्ये खुला झाला. ताशी ७० मैलांची मर्यादा प्रयोगादाखल डिसेंबर १९६५ मध्ये आली व १९६७ मध्ये कायम झाली. आज तिकडे पुष्कळांना ७० हा कमाल आकडा न वाटता रोजचाच वेग वाटतो, आणि तोही तासन्‌तास एकसारखा.

येथे एक जाणकार हरकत घेईल. १९४९ साली पॅरिसजवळच्या माँलेरी येथील धावपट्टीवर ट्रायंफ कंपनीच्या तीन नव्या ६४९ सीसी 'थंडरबर्ड' गाड्या प्रत्येकी ५०० मैल, ताशी ९० मैलांहून अधिक सरासरीने धावल्या होत्या. मग ७० चे भय कशाला? पराक्रम खराच आहे. पण त्या गाड्या नव्या होत्या, कारखान्याची माणसे जवळ उभी होती आणि त्या वर्तुळावर अचानक थांबण्याचा प्रसंग नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या यंत्राला यांतले काहीच लाभत नाही.

आता इंजिनात डोकावू. त्या काळच्या इंजिनांची ठेवण बहुधा अशी, की दट्ट्याची धाव सिलिंडरच्या व्यासाहून लांब. ट्रायंफच्या 'स्पीड ट्विन'मध्ये व्यास ६३ मिलिमीटर, तर धाव ८० मिलिमीटर. मिनिटाला चार हजार फेरे असताना दट्ट्याला त्याच एका मिनिटात आठ हजार वेळा थांबून उलट फिरावे लागते, आणि या हिसक्यांचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. तीन हजारांवरून चार हजारांवर गेलो, की ताण जवळजवळ पावणेदोन पट. त्यातून 'स्पीड ट्विन'चे दोन्ही दट्टे एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात. म्हणून ती थरथर. नट सैल होतात, दिव्यांच्या तारा तुटतात, अर्ध्या तासाने स्वाराची बोटे बधिर होतात. नॉर्टनने १९६७ च्या 'कमांडो'त इंजिन रबरी आधारांवर बसवले, तो या थरथरीवरचाच उपाय होता. शिवाय हवेचा विरोध तोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. चाळीसवरून सत्तर मैलांवर जाताना हवेपोटी पाचपटींहून अधिक शक्ती खर्ची पडते, आणि तिच्या जोडीने निघणारी उष्णता बाहेर टाकायला पंखे असतात ते सिलिंडरवरचे धातूचेच.

तरीही इंजिन बिघडले तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो, इतकेच. ब्रेकचे तसे नाही. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. चाळीसपेक्षा सत्तरला ती तिपटीहून किंचित अधिक होते, आणि ती सारी ब्रेकने उष्णतेच्या रूपाने गिळावयाची. जुन्या गाडीच्या पुढच्या चाकात बहुधा सात इंच व्यासाचा एक ड्रम, आत दोन शू आणि ओढायला एक तार. एकदा जोरात थांबणे त्याला जमते. लागोपाठ दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर सरतो, लायनरची पकड ढिली पडते आणि दांडा हँडलला टेकू लागतो. ब्रिटनच्या वाहतूक-नियमपुस्तकात ताशी ७० मैलांवरून थांबण्यास ९६ मीटर धरले आहेत. आजच्या डिस्क-ब्रेकवाल्या मोटारी त्याहून कमी जागेत थांबतात. पुढची मोटार अशी थांबली, की मागच्या जुन्या फटफटीला अंतर पुरत नाही. आणि फटफटी स्वतः मंदावली, तर तिचा सहा व्होल्टचा मिणमिणता मागचा दिवा मागच्याला उशिरा दिसतो. संकट दोन्ही बाजूंनी. त्यात गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला! नव्या गाड्यांची सवय झालेला स्वार घाईत ब्रेकऐवजी गिअर दाबतो.

उपाय आहेत, पण ते इंजिनाची शक्ती वाढवण्यात नाहीत असे आमचे मत आहे. वाढलेली शक्ती त्याच जुन्या ब्रेकच्या गळ्यात पडते. त्यापेक्षा इंजिनाकडचे दातेरी चाक एका-दोन दात्यांनी मोठे घ्यावे. त्याच वेगाला फेरे कमी होतात, मात्र चढावर गिअर आधी उतरवावा लागतो. लायनर नव्या द्रव्याचे घालून ड्रमशी गोल घासून बसवावे. मागे उजळ दिवा लावावा. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रस्ता निवडणे. व्हिंटेज मोटरसायकल क्लबची बॅनबरी रन ही १९३१ पूर्वीच्या गाड्यांची फेरी इंग्लंडातल्या आडवाटांनीच जाते.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. रेडिचच्या रॉयल एनफील्डची ३५० सीसी 'बुलेट' १९५५ पासून मद्रासला जुळवली जाऊ लागली; ७० मिलिमीटर व्यास, ९० मिलिमीटर धाव आणि ड्रम-ब्रेक यांसह. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जाव आहे, तेव्हा जुन्या बुलेटचा स्वार जुन्याच रस्त्याने येतो. खंडाळ्याचा घाट उतरताना त्याने ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनच गाडीला रोखून धरते आणि घाटाखाली पोचेतो ड्रम थंड राहतो.