इसार देण्याआधी

सकाळी ६.४५
नांदगाव स्टेशनाबाहेरची टपरी. मिस्त्री दुसरा चहा घेतात. साठी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, परांचीवर चढणं बंद केलंय. पायाशी गोणपाटाची पिशवी. तिच्यात ओळंबा, लेव्हलची नळी, गुण्या, हातोडी, छिन्नी, बॅटरी आणि काचेचे चार तुकडे. आज कोणाचं तरी घर बघायचंय. पाचशे रुपये ठरलेत. हजेरीवर गेले असते तर नऊशे मिळाले असते, पण मग दिवसभर विटा उचलाव्या लागल्या असत्या.

सकाळी ८.००
घेणारे रेल्वेत ट्रॅकमन आहेत. काही महिन्यांत निवृत्ती, मग क्वार्टर सोडायचं. फंडाचे पैसे आणि थोडं कर्ज, एवढ्यावर घर. नवरा-बायको दोघंही आलीत. घर तीसेक वर्षांचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर स्लॅब. रंग ताजा, अजून वास येतोय.
मिस्त्री आत जात नाहीत. आधी बाहेरून फेरी मारतात. नवा रंग दिसला की ते अर्धा तास जास्त लावतात.
शेजारच्या ओट्यावर आजी लसूण सोलत बसल्यात.
"आजी, पुराचं पाणी कुठवर आलं होतं?"
2021 च्या सप्टेंबरात लेंडी आणि शाकांबरी नद्यांना पूर आला, गावात पाणी शिरलं, त्याबद्दल विचारतायत. आजी आपल्या भिंतीवर बोट ठेवतात. कमरेइतकं. दोन्ही घरांचं जोतं एकाच उंचीचं. म्हणजे या घरातही पाणी तेवढंच होतं. ताई हे ऐकतात आणि नवऱ्याकडे बघतात.

सकाळी ९.१५
मागच्या खिडकीच्या कोपऱ्यातून भेग खाली उतरलीय. विटांच्या सांध्यासांध्याने, पायऱ्या पायऱ्यांनी. रंगवाल्याने लांबी भरलीय, तरी ती पुन्हा उघडलीय.
"भाऊ, सगळ्या भेगा सारख्या नसतात. पुढच्या भिंतीवर जाळं दिसतंय ना, केसासारखं? ते गिलाव्याचं. पाणी कमी मारलं की होतं. त्याचं भ्यायचं नाही. ही तिरकी आहे ती पायाची. इथला कोपरा बसतोय."
भेगेत रुपयाचं नाणं घालून बघतात. कड सहज आत जाते.
मालकाची परवानगी घेऊन पहारेने जोत्यालगत खणतात. दीड फूट गेलं तरी काळी मातीच. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं घर हलवते. तिच्याखाली उतरून मुरुमावर पाया धरावा लागतो. मिस्त्री आणखी खणतात. पायाचा शेवटचा दगड काळ्या मातीतच संपतो.
मालक म्हणतो, "तीस वर्षं उभं आहे की."
मिस्त्री उत्तर देत नाहीत. खड्डा बुजवून धुम्मसने ठोकतात.

सकाळी १०.३०
आता आत. हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवत जातात. टणक, टणक, मग एकदम बद्द. तिथे गिलावा भिंतीपासून सुटलाय. खडूने गोल करतात. चार गोल होतात.
गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंगाला फोड आलेत. नखाने एक उकरला की आत पांढरी भुकटी. लोणा. जमिनीतली ओल विटेतून वर चढते, पाणी उडून जातं, खार मागे राहतो. जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेला नाही. लोण्यावर रंग दिला तर वर्षभर टिकतो. विकणाऱ्याला तेवढं पुरतं.
ओळंबा सोडतात. भिंत सरळ आहे. गुण्यात खोलीही बसते. गवंडी चांगला होता, हे मिस्त्री मोठ्याने म्हणतात. मालकाचा चेहरा पहिल्यांदा सैल होतो.

दुपारी १२.१०
स्वयंपाकघराचं छत. एका जागी काँक्रीटचा पापुद्रा सुटून सळई उघडी पडलीय, लाल. स्लॅब ओतताना सळईखाली निदान वीस मिलिमीटर काँक्रीट राहायला हवं. इथे सळई फळीला टेकूनच राहिली असणार. पाणी पोचलं, सळई गंजली, गंजून फुगली आणि तिने काँक्रीट ढकलून दिलं. मिस्त्री छिन्नीने गंज खरवडतात. सळई अजून जाड आहे. दुरुस्त होईल.
मग गच्चीवर. ताईंनी दोन बादल्या पाणी आणलंय. मिस्त्री ते कोब्यावर ओततात. पाणी पन्हळीकडे जायला हवं. ते मध्येच थांबतं, बरोबर स्वयंपाकघराच्या डोक्यावर. ढाळ गेलाय. कठड्यालगतच्या वाटाही फुटल्यात.
नवा कोबा साठ-सत्तर हजार, मिस्त्री सांगतात.

दुपारी १.३०
बँकेचा इंजिनीअर येतो. लेझरने मापं घेतो, फोटो काढतो, कागद बघतो. वीस मिनिटांत निघतो. त्याची फी घेणाऱ्यांच्याच खात्यातून जाणार. तो बघतो ते बँकेचं कर्ज वसूल होईल का. गच्चीवर चढत नाही.
वडापाव आणि चहा, तिघांचे नव्वद रुपये. भाऊ देतात.
मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा आहे. मालकाला माहीत असलेला आणि साध्या नजरेला न दिसणारा मोठा दोष त्याने सांगायलाच हवा. पण नीट बघितलं असतं तर दिसला असता, असा दोष घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतो. ही भेग दिसते आहे.

दुपारी ३.००
मिस्त्री भेगेवर काचेचा तुकडा आडवा ठेवतात, दोन्ही टोकं सिमेंटने चिकटवतात. शेजारी पेन्सिलीने तारीख. तसेच आणखी दोन. भिंत हलली तर काच तडकेल.
"किती दिवस ठेवायच्या?" भाऊ विचारतात.
"फेब्रुवारी आहे. काळी आता आकसायला लागेल. उन्हाळाभर राहू द्या."
मालकाला घाई आहे. दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणतो.
मिस्त्री वहीचं पान फाडून देतात. ओल, गिलावा, सळई, कोबा ही सगळी दुरुस्ती. तेवढे पैसे भावातून कमी करून मागा. कोपऱ्याचा पाया मात्र घर खाली करून, खणूनच बघावा लागेल. काच फुटली तर हे घर घेऊ नका. तोपर्यंत इसार देऊ नका.