कुकरची रिंग आणि हेडचं पॅकिंग

पाचवडच्या अलीकडे गाडीचा काटा लाल रेघेला टेकला आणि माझ्या पोटात गोळाच आला. मागं सासूबाई बसलेल्या. वाईहून साताऱ्याला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा आमची हीच वाट. त्या दिवशी वडाप करून त्यांना पुढं नेलं. पण परत येताना त्यांना धड बसवत नाही हो, रोज वडाप कसं चालणार?

आमची मारुती 800, 2004 सालची. कंपनीनं हे मॉडेल 2014च्या जानेवारीत बंद केलं, आम्ही मात्र फेरनोंदणी करून चालवतोय. मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, हेडचं पॅकिंग गेलं." पुन्हा! दोनच वर्षांपूर्वी बदललं होतं. तेव्हा दुकानदारानं दिलं ते, सगळ्यात स्वस्तातलं.

मैत्रिणींनो, हे पॅकिंग म्हणजे कुकरची रिंगच समजा. इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये ते बसतं. आतला जाळ, ऑइल आणि पाणी एकमेकांत जाऊ देत नाही. ते गेलं की रेडिएटरचं पाणी कमी होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, ऑइलच्या झाकणाला आतून चहावरच्या सायीसारखा थर दिसतो. (थंडीत जवळच्या फेऱ्या मारल्या तरी थोडा थर धरतो, तेवढ्यानं घाबरू नका. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, वाफेनं हात भाजतो.)

ह्यांची नोकरी पुण्याला, म्हणून दुकानात मीच गेले. दुकानदारानं पूर्ण सेट पुढं टाकला, स्वस्तही होता. मी मेकॅनिककडून जुनं पॅकिंग पिशवीत घालून नेलं होतं. नव्यावर ठेवून पाहिलं, तर पाण्याचं एक भोक सरकलेलं! शिवाय घडी पडलेली. दुसरं काढायला लावलं. त्याच्या तिन्ही सिलिंडरच्या भोकांभोवतीची पत्र्याची कडा सलग होती, कुठं उचललेली नव्हती, पाकिटावर पार्ट नंबर होता. किंमत जवळजवळ तिप्पट. घेतलं. कारण हेड उतरवायची मजुरी दोन्हीला सारखीच, आणि मागच्या वेळी वाचवलेले पैसे आता मजुरीतच चाललेत.

काटकसर केली ती टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमध्ये. ते साध्या कंपनीचं आणलं. गळलं तर ऑइलचे थेंब दिसतील, चार बोल्ट काढून बदलता येईल. ऑइल चेंबरला हातच लावू दिला नाही; गळत नव्हता, मग पूर्ण सेट कशाला?

एक खर्च मात्र टाळू नका. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं. मागच्या वेळी पट्टी लावून पाहिलंच नव्हतं, म्हणे. या वेळी लेथवाल्याकडून फेसिंग करून घेतलं. बोल्ट टॉर्क पान्यानं, मधून कडेकडे, टप्प्याटप्प्यानं आवळले. हेडसाठी टायमिंग बेल्ट उतरतोच, तोही नवा टाकला. नुसत्या पाण्याऐवजी कूलंट भरलं.

मंगळवारी निघालो. माझी नजर काट्यावर. तो निम्म्याच्या वर गेला नाही. पाचवड मागं पडलं तशा सासूबाई म्हणाल्या, "आज थांबायचं नाही का गं?"