तासांवर मोजायची चव

कल्याणवरून माळशेज चढणारा, आळेफाटा, नगर, परभणी, नांदेड आणि भोकर करत येणारा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तेलंगणात शिरला की पहिले मोठे गाव लागते ते भैंसा. कापसाची काळी जमीन, जिनिंगच्या गिरण्या आणि मराठी-तेलुगू-उर्दू एकाच वाक्यात कालवणारा बाजार. भैंसा ज्यात येई तो मुधोळ तालुका १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. भाषावार रचनेत तो आदिलाबादला जोडला गेला आणि हा परिसर २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात मोडतो. याच रस्त्यावरच्या आळेफाट्याहून थोडे दक्षिणेला नारायणगाव आहे, जिथे शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फसफसती वाईन करून परदेशी धाडली. उत्तरेला गेले की नाशिक. तिथे पेला तिरका धरून रंग बघायचा, वास घ्यायचा, घोट जिभेवर घोळवायचा, हे आता मराठी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडले आहे. माझे म्हणणे एवढेच की हीच बारकाई भैंसा परिसरातल्या शिंदीला लावून पाहावी. वाईनपेक्षा शिंदीला तिची गरज जास्त आहे.

कारण झाडापासून सुरू होते. तेलंगणात झाडाच्या अशा आंबणाऱ्या रसाला कल्लू म्हणतात आणि त्याच्या दोन जाती कुणी एकत्र करत नाही: शिंदीच्या झाडाचा ईत कल्लू आणि ताडाचा ताटी कल्लू. ताडाचा रस फुलोऱ्यातून येतो, शिंदीचा खोडातून. शिंदीच्या शेंड्याखालची झावळी उतरवून खोड तासतात आणि तिथे मडके बांधतात. एका वर्षी एका अंगाला खाच, पुढच्या वर्षी उलट अंगाला. त्यामुळे जुने झाड खालून वर नागमोडी दिसते आणि ते किती हंगाम तासले गेले, हे त्या वळणांवरून मोजता येते. वाईनच्या बाटलीवर साल छापावे लागते. इथे सालांची अख्खी यादी खोडावर कोरलेली असते. कमरेला ‘मोकु’ म्हणजे दोर अडकवून चढणाऱ्या गौडाला, म्हणजे रस उतरवणाऱ्याला, कुठले झाड गोड, कुठले पाणचट हे पाठ असते. नाशिकचा बागायतदार एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरतानाची फळ छाटणी यांतून वेलीवर जो ताबा मिळवतो, त्याच जातीचे हे ज्ञान आहे. फरक इतकाच की त्याचे कुणी माहितीपत्रक काढलेले नाही.

आता चव. ताज्या रसात साधारण १० ते १२ टक्के साखर असते. मडक्यातले आणि हवेतले यीस्ट लगेच कामाला लागते, सोबत आम्ल करणारे जंतूही. आतून चुना लावलेल्या मडक्यात हे आंबणे रोखले जाते, ती नीरा. चुना नसेल तर उजाडताना उतरलेली शिंदी गोड, किंचित पिठूळ लागते आणि मागे ओल्या लाकडाचा वास ठेवते. ऊन चढले की जिभेला चुरचुर लागते, गोडी मागे सरते. माझ्या मते हाच तिचा उत्तम काळ. दुपारनंतर आंबूसपणा वरचढ होतो, मद्यार्क चार-पाच टक्क्यांपर्यंत जातो आणि दुसऱ्या दिवशी उरतो तो जवळजवळ शिरकाच. वाईन वर्षांवर मोजतात, ही तासांवर.

यावर पहिला आक्षेप भेसळीचा, आणि तो खोटा नाही. तेलंगणात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम मिसळलेल्या कल्लूने माणसे आजारी पडली आहेत, मेलीही आहेत. गुंगीच्या गोळीचा पत्ता जिभेला लागेलच असेही नाही. पण भेसळ फोफावते ती झाडे थोडी आणि गिऱ्हाईक फार असते तिथे, झाडापासून लांबच्या दुकानात, पिणाऱ्याला फक्त नशा हवी असते तेव्हा. झाड, गौड आणि उतरवण्याची वेळ विचारणारे गिऱ्हाईक फसवायला अवघड. म्हणजे चवीचा चोखंदळपणा ही चैन नाही, पहारा आहे.

दुसरा आक्षेप नैतिक: गरिबाच्या नशेला कशाला सजवायचे? २०२२च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे भले पुढे केले गेले. विरोध इतका झाला की तो निर्णय अमलात आला नाही. पण शेतकऱ्याचा मुद्दा वाईनला लागू असेल तर निम्म्याहून कमी मद्यार्काच्या ताडी-शिंदीला का नाही? हो, वाईनचा पेला दीडशे मिलीलिटरचा आणि शिंदी लोटीने पितात, तेव्हा टक्केवारी दाखवून तिला निरुपद्रवी ठरवता येणार नाही. मात्र ‘चाखणे’ हा शब्द एकीसाठी आणि ‘ढोसणे’ दुसरीसाठी, ही वाटणी मद्यार्काने केलेली नाही, किमतीने केली आहे.

तिसरा आक्षेप की जे टिकत नाही त्याच्या नावावर प्रदेशाचा लौकिक होत नाही. हैदराबादेत २०२३मध्ये सरकारी नीरा कॅफे उघडला, तिथे रस थंड ठेवून पाजतात. पण रस थंड केला की चव एका तासावर गोठते आणि बाकीचे तास हातचे जातात. ते तास हवे असतील तर झाडाजवळच यावे लागते. नांदेडहून दुपारचे जेवण उरकून निघणाऱ्याला भैंशात आंबटच मिळेल. गोड हवी तर आदल्या रात्री मुक्कामाला यायला हवे.